पाणी आलंय कुठून, ते बघ

नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला येऊन तीन वर्षं झाली, तरी आईच्या फोनची सुरुवात बदललेली नाही. "आज पाणी आलं बघ." उजनीचं पाणी शंभराहून जास्त किलोमीटर पाइपातून सोलापूरला येतं आणि आमच्या गल्लीत चार-पाच दिवसांआड पोचतं. इथे खिडकीखालून कालवा वाहतो आणि मी दिवसभर एका पाइपातलं पाणी बघत बसते. गड्ड्याच्या जत्रेला सोलापूरला घरी आले तेव्हा मावशीने विचारलं, "नेमकं करतेस काय गं तिकडं?" तेव्हा धड सांगता आलं नाही, म्हणून आज सविस्तर लिहिते.

माझ्याकडे पारदर्शक ॲक्रिलिकचा एक पाइप आहे, मधोमध काटकोनात वळलेला. पाण्यात काचेचे पोकळ गोळे मिसळलेले असतात, एकेक साधारण १० मायक्रॉनचा, म्हणजे केसाहून कितीतरी बारीक. खोलीत अंधार करायचा, डोळ्यांवर केशरी चष्मा चढवायचा आणि हिरव्या लेझरचा पातळ पडदा पाण्यातून आरपार सोडायचा. लेझर लागोपाठ दोनदा चमकतो, कॅमेरा दोन फोटो काढतो, मध्ये जेमतेम एका मिलिसेकंदाचं अंतर. कण पहिल्या फोटोत कुठे होते, दुसऱ्यात कुठे सरकले, यावरून वेग निघतो. फोटोचे बारीक चौकोन पाडले की प्रत्येक चौकोनाला एक बाण मिळतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी श्वास रोखून उभी होते. वळणाच्या आतल्या बाजूला पाणी भिंत सोडून चक्क मागे फिरत होतं, आणि ते कण हिरव्या धुळीसारखे तिथेच घुटमळत होते.

पण कॅमेऱ्याला सगळं दिसत नाही. भिंतीजवळ लेझर इतका चमकतो की कण हरवतात. जोडाच्या बोल्टमागे सावली पडते. आणि दाब तर फोटोत येतच नाही.

संगणकाला या अडचणी नाहीत. नेव्हिए (१८२२) आणि स्टोक्स (१८४५) यांची प्रवाहाची समीकरणं घ्यायची, पाइपाचे लाखो बारीक तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्यातला वेग आणि दाब काढायचा. अगदी भिंतीला खेटूनसुद्धा. मात्र खळबळत्या प्रवाहातला प्रत्येक लहान भोवरा मोजायला गेलं तर गणित संपत नाही, म्हणून त्यांची सरासरी घेणारी सूत्रं वापरतात. त्यातल्या सर्वांत प्रचलित सूत्रात ०.०९ हा एक आकडा आहे. १९७४ पासून रूढ झालेला हा आकडा प्रयोगांशी जुळवूनच ठरवलेला आहे. म्हणजे ज्याला आपण शुद्ध गणित समजतो, त्यातही कुणीतरी केलेलं मोजमाप आधीच मुरलेलं असतं. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते.

माझं घोडं अडलं ते वळणानंतर. वळलेल्या पाइपात एकमेकांविरुद्ध फिरणारे दोन भोवरे तयार होतात, हे डीन या शास्त्रज्ञांनी १९२०च्या दशकात दाखवलंय. माझ्या संगणकात ते दोन्ही अगदी जुळ्यासारखे होते. फोटोत मात्र एक मोठा आणि एक कोपऱ्यात दबलेला. चार महिने मी कॅमेऱ्यालाच दोष देत होते. सगळं पुन्हा जुळवलं, लेझर सरळ केला, फोटो परत काढले. फरक तेवढाच.

एका रविवारी हे अप्पांना सांगितलं. अप्पांची सगळी नोकरी सूत रंगवायच्या कारखान्यात गेली. ते म्हणाले, "आमच्याकडे टाकी हलवली तेव्हा जागा नव्हती म्हणून पाइप दोनदा वळवला. त्यानंतर एका बाजूच्या लडी गडद व्हायच्या, दुसरीकडच्या फिक्या. रंग तोच, सूत तेच. तुझं पाणी वळणाआधी कुठून आलंय, ते बघितलंस की नाही?"

बघितलं नव्हतं. वळणाआधी पाणी सरळ येतं असं मी धरूनच चालले होते. सोमवारी कॅमेरा मागे नेला. पंपाजवळ दोन वळणं होती, आणि पाणी माझ्या पाइपात शिरतानाच पीळ घेऊन येत होतं. तो मोजलेला प्रवाह संगणकाला दिला आणि दुसरा भोवरा आपोआप दबला. १८८३मध्ये मँचेस्टरला रेनॉल्ड्स यांनी काचेच्या नळीत रंगाची धार सोडून पाण्याची शिस्त कधी मोडते ते बघितलं होतं. अप्पांनी आयुष्यभर पाण्यात रंगच बघितला, हे त्या दिवशी माझ्या पहिल्यांदा नीट लक्षात आलं.

आता ही सांगड मी पद्धतशीर घालते. जिथे मोजमाप आहे तिथे संगणकाने त्याच्याशी जुळवून घ्यायचं, पण आंधळेपणाने नाही. मोजमापातही चूक असते, म्हणून ज्यावर जास्त भरवसा त्याला जास्त वजन. शिवाय पाइपाच्या एका छेदातलं मोजमाप मी मुद्दाम लपवून ठेवते. संगणकाने ते न बघता ओळखलं, तरच बाकीच्यावर विश्वास ठेवायचा. हवामानाचा अंदाज याच वाटेने निघतो. २०१८ आणि २०१९मध्ये पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने ढगांच्या प्रयोगासाठी आपलं सोलापूर निवडलं होतं, आठवतं? वर विमानं ढगांत शिरून थेंब मोजत होती आणि खाली रडार होतं. अवर्षणाच्या गावात राहणाऱ्यांनी या कामाची किंमत ओळखावी, असं मला मनापासून वाटतं.

दोन भोवऱ्यांचं चित्र अप्पांना पाठवलं. त्यांनी ते मोठं करून बघितलं आणि दबलेल्या भोवऱ्यावर बोट ठेवून आईला दाखवलं, "फिक्या लडी इथल्या." त्या जुन्या टाकीचं माप आता मी त्यांच्याकडून मागवलंय. दोन वळणांमधलं अंतर त्यांना अजून तोंडपाठ आहे.