भिंतीवरचा फोटो

"बँकेसाठी चार कॉप्या दे. आणि एक मोठा पण काढून ठेव बाळा, पुढे भिंतीला लागेल."

आज स्टुडिओत आजी हे अगदी सहज बोलल्या आणि पदर सारखा केला.

माणूस गेल्यावर भिंतीवर लागणारा फोटो बहुतेक वेळा घाईत होतो, आधार कार्डावरून नाहीतर लग्नाच्या ग्रुप फोटोतून कापून. पासपोर्ट फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटर, म्हणजे ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) जेमतेम ४१३ बाय ५३१ पिक्सेल. १२ बाय १५ इंचाच्या प्रिंटला हवेत ३६०० बाय ४५००. मग सॉफ्टवेअर नसलेला तपशील भरतं, सुरकुत्या पुसतं आणि चेहरा मेणाचा होतो.

फ्लॅश बंद केला. आजींना खिडकीशी तिरकं बसवलं, सावलीच्या बाजूला उजेड परतवायला पांढरा थर्मोकोल. ८५ मिलिमीटरची लेन्स, सात फुटांवरून, लेन्सचं तोंड थोडं बारीक करून एफ ४. जास्त उघड्या एफ १.८ ला एक डोळा शार्प येतो, दुसरा मऊ पडतो. चष्म्यावर खिडकी चमकत होती, म्हणून काड्या कानांवर किंचित उचलल्या. चष्मा काढायचा नाहीच. नातवंडांनी त्यांना चष्म्यातच पाहिलंय.

पोर्ट्रेट शिकताना फॅशन नाहीतर प्री-वेडिंग डोळ्यांपुढे असतं. मला या धंद्याचं मोल इथे वाटतं.

तुमच्या घरातल्या थोरल्यांचा असा निवांत बसवून काढलेला एक तरी फोटो आहे का?