दव सुकल्यावर दवबिंदू शोधायचा

पहिल्या दोन खेपांना मी दलदलीतून हात हलवत परत आले. कीटकभक्षी वनस्पती म्हटलं की डोक्यात फोटोत बघितलेला मोठा लाल जबडा नाहीतर भलीमोठी सुरई, आणि मी नेमकी जिथे सगळ्यात हिरवं, दाट, गच्च दिसायचं तिथेच जाऊन शोधत बसायचे. चूक तिथेच होत होती. जिथे बाकीच्या झाडांचं पोट भरत नाही तिथे ही सापडतात. म्हणजे जमीन सतत ओली पण उपाशी, गवत खुरटं, विरळ, जरा पिवळट, मधे मधे उघडा काळा चिखल नाहीतर ओली वाळू, आणि पुष्कळदा खाली मॉसची गादी. असा तुकडा दिसला की आता मी सॅक खाली ठेवते आणि बसूनच घेते, कारण उभ्याने यातलं काहीही दिसत नाही.

सुरुवात मॉसपासून करा, खरंच. आपण सरसकट सगळ्याला शेवाळ म्हणून मोकळे होतो, पण पाण्यातलं बुळबुळीत शेवाळ वेगळं आणि मॉस वेगळा, मॉसला बारीक का होईना खोड-पानं दिसतात. दलदलीत महत्त्वाचा तो स्फॅग्नम. प्रत्येक काडीच्या टोकाला फांद्यांचा गच्च झुबका, वरून बघितलं तर चांदणी, रंग पोपटी, पिवळट, कधी पार डाळिंबी, आणि सुकला की पांढुरका. चिमूटभर घेऊन पिळलात तर बोटांतून धार लागते. त्याच्या पानांत हिरव्या जिवंत पेशींच्या मधोमध मेलेल्या, पोकळ, भोकं असलेल्या पेशी असतात, त्या पाणी धरून ठेवतात, सुक्या वजनाच्या साधारण २० पट. पहिल्या महायुद्धात कापसाची चणचण झाली तेव्हा जखमांवर बांधायला हाच मॉस गोळा केला होता, आणि एकदा पिळून बघितलं की ते लगेच पटतं.

पण मला त्याची दुसरी करामत जास्त महत्त्वाची वाटते. स्फॅग्नम पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमसारखे क्षार ओढून घेतो आणि बदल्यात हायड्रोजन आयन सोडतो, त्यामुळे पाणी आंबट होत जातं, पीएच ४ च्या आसपास. त्यात खाली ऑक्सिजन नाही, म्हणून मेलेला मॉस धड कुजत नाही, नुसता साचत जातो, त्याचंच पीट होतं, आणि तेही वर्षाला जेमतेम एखादा मिलिमीटर. कुजणं थांबलं की नायट्रोजन त्यातच अडकून पडतो. जमीन उपाशी ठेवणारा हा मॉसच आहे, आणि म्हणूनच त्याच्या गादीवर किडे खाणारी झाडं तगतात, बाकीची मागे पडतात. तुम्ही आधी मॉस ओळखायला शिकलात तर अर्धा शोध तिथेच झाला.

आता दवबिंदू, म्हणजे ड्रॉसेरा, पानावरच्या चिकट थेंबांनी किडे धरणारं झाड. सकाळी लवकर जाऊ नका! तेव्हा प्रत्येक गवताच्या पात्यावर दव असतं आणि सगळंच चमकतं. ऊन चढून दव उडालं की मग सूर्याकडे तोंड करून खाली बसा, अजूनही जे लाल-लाल चमकतंय ते हेच. एवढंस्सं असतं हो, कित्येकदा सगळं झाड नाण्याएवढं, जमिनीला चिकटलेलं. १० पटीचं भिंग लावलंत की पानावर लाल केस दिसतात आणि प्रत्येकाच्या टोकाला डिंकाचा गोल थेंब, अगदी स्वच्छ.

चार्ल्स डार्विन १८६० च्या उन्हाळ्यात याच्या नादी लागला आणि यावरचं त्याचं काम छापून यायला १८७५ उजाडलं. त्याने माणसाच्या केसाचा अगदी बारीक तुकडा पानावर ठेवला तरी पानावरचे केस वळले, पण नुसत्या पाण्याच्या थेंबांनी वळले नाहीत. पाऊस आणि किडा यातला फरक त्या पानाला कळतो! हे वाचल्यापासून मी पावसानंतर दवबिंदू बघते तेव्हा वेगळ्याच नजरेने बघते.

युट्रिक्युलारिया, आपली सीतेची आसवं, मात्र फुलांवरूनच सापडते. बिनपानांच्या वाटणाऱ्या बारीक दांड्यावर जांभळं किंवा पिवळं फूल, आणि सापळे सगळे खाली पाण्यात नाहीतर ओल्या मातीत, एकेक पिशवी साधारण मिलिमीटर-दोन मिलिमीटरची. बारीक जीव दाराच्या केसांना लागला की दार उघडून तो पाण्यासकट आत खेचला जातो, एका मिलिसेकंदाच्याही आत. उपटून बघायचा मोह होतो, पण करू नका, उपटलं की सापळे तुटून मातीतच राहतात आणि हाती दोराच येतो.

चालताना हातात काठी हवी आणि बरोबर कुणीतरी. सपाट, चकचकीत हिरवा पट्टा सगळ्यात फसवा, तिथे कधी कधी मॉस पाण्यावर नुसता तरंगत असतो, माझा पाय एकदा गुडघ्यापर्यंत गेला आणि काढायला दोघांना ओढावं लागलं. गवताच्या झुबक्यांच्या कडेकडेने जा, मॉसच्या गादीवर शक्यतो पाय देऊच नका, वर्षाला मिलिमीटर साचणाऱ्या गोष्टीवर आपला ठसा किती काळ राहत असेल विचार करा. आणि घरी कुंडीत लावायला एकही झाड आणू नका. आपली खतवलेली माती आणि नळाचं क्षारांचं पाणी यांनी ही झाडं मरतात, शिवाय बऱ्याच ठिकाणी ती कायद्याने संरक्षित आहेत.

मागच्या वेळी एका दवबिंदूवर माझ्यासमोर चिलट बसलं. पाय चिकटले, ते धडपडलं, धडपडीत आणखी दोन थेंबांना लागलं. वीसेक मिनिटांत शेजारचे केस वाकायला लागलेले भिंगातून दिसत होते, इतके हळू की वाकताना दिसत नाहीत, वाकलेलेच दिसतात. परतताना संध्याकाळी मुद्दाम तिथेच थांबले, तेव्हा बहुतेक केस आत झुकलेले आणि त्यांच्यामधून चिलटाचा एकच पंख बाहेर राहिलेला.