हार्मोनियम कधी चढत नाही

"दादा, हे आमचे बाबा नाहीत."

फोनवर ताईंचा आवाज अगदी शांत होता, म्हणून जास्त लागला.

दोन आठवड्यांपूर्वी त्यांनीच कॅसेट आणून दिली होती. वरळीच्या बीडीडी चाळीतली खोली पुनर्विकासासाठी रिकामी करताना पत्र्याच्या पेटीत सापडलेली. सी-90, वर बॉलपेनने एवढंच: '1991, जयंतीनंतर, आपल्या खोलीत'. वडील गिरणी कामगार. 1982च्या संपात नोकरी गेली, त्यानंतर मिळेल ते काम आणि रात्री भीमगीतं. स्वतः लिहायचे, चालीही स्वतःच बांधायचे. पण स्टेजवर उभं राहिलं की फर्माईश लोककवी वामनदादा कर्डकांच्या गाण्यांची. ती गायलाच हवीत, त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. फक्त स्वतःची राहून जायची. म्हणून त्या वर्षी मांडव उतरल्यावर मित्रांनी त्यांना घरातच बसवलं. 160 चौरस फुटांची खोली, एक हार्मोनियम, एक दिमडी, माईक नाही. दारात आणि बाहेरच्या पॅसेजमध्ये जेवढी माणसं मावतील तेवढी. आज ते नाहीत, आणि त्यांच्या स्वतःच्या गाण्यांचं हे एकच रेकॉर्डिंग.

जुन्या टेप डिजिटल करणं हे माझं काम. कॅसेटमधली टेपला हेडवर दाबून धरणारी छोटी गादी निखळली होती, म्हणून टेप दुसऱ्या, स्क्रूच्या कॅसेटमध्ये भरली. दिमडीच्या थापेला धार येईपर्यंत हेडचा कोन कानाने जुळवला. 24 बिट, 96 किलोहर्ट्झवर उतरवून घेतली. इथपर्यंत सगळं नीट झालं. मग मी शहाणपणा केला.

गाण्यामागे भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक होती. घरगुती टेपरेकॉर्डर आवाजाची पातळी आपली आपण सांभाळतो: गाणं मोठं झालं की दाबतो, शांतता झाली की जे असेल ते उचलून वर आणतो. त्यामुळे ओळ संपून गायक श्वास घेई, तेवढ्यात घड्याळ थेट कानाशी येई. शिवाय ताईंनीच विचारलं होतं, "ती टिकटिक काढता येईल का?" दोन दिवस घालून मी ती काढली. स्वच्छ फाइल पाठवली, सोबत बिलही.

आणि आता हा फोन. "आईने दोन कडवी ऐकली आणि म्हणाली, हा कुणीतरी कोवळा पोरगा गातोय."

इतक्या वर्षांत आठवणीतला आवाज बदलतो, हे वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. बोललो नाही, हे नशीब.

मूळ फाइल काढून पुन्हा ऐकायला बसलो. माझ्या वहीत मीच लिहून ठेवलेलं सापडलं: 'गायक शेवटी शेवटी चढतो.' चढतात गायक, सूर वर सरकतो. रंगात आले की हमखास. पण पहिलं गाणं आणि शेवटचं गाणं लागोपाठ लावलं आणि चरकलो. त्यांच्याबरोबर हार्मोनियमही चढत होती. सुरुवातीला काळी दोनच्या जरा वर, शेवटी पुढच्या पट्टीला, पांढरी तीनला, टेकायला आलेली. पितळेचे रीड रंगात येत नाहीत. वीस वर्षं हे काम करतोय, आणि मला ऐकू आलं नव्हतं, कारण मी घड्याळाच्या मागे लागलो होतो.

टेपरेकॉर्डर सेलवर चालला असणार. सेल उतरत गेले तशी टेप हळू सरकत गेली. माझ्या मशीनवर ती ठरल्या वेगाने, सेकंदाला 4.76 सेंटीमीटर, धावली आणि माणसाचा आवाज पातळ झाला. पण वेग नेमका किती कमी करायचा? हार्मोनियमवर विसंबता येईना. जुन्या पेट्या सगळ्या एका मापाच्या नसतात. ट्यूबलाइटच्या चोकची गुणगुण बारीक ऐकू येत होती. वीज 50 हर्ट्झची, म्हणजे ती गुणगुण 100ची हवी, असा आमच्या धंद्यातला सोपा हिशेब. आपल्याकडे तो तेव्हाच्या टेपना लागू पडत नाही. त्या काळात ग्रिड 49च्या खाली सहज घसरायची.

मग लक्षात आलं, खोलीत एक गोष्ट बरोबर चालली होती, आणि नेमकी तीच मी पुसून टाकली होती.

क्वार्ट्झचं घड्याळ. सेकंदाला एक ठोका, दिवसभरात फार तर एखादा सेकंद इकडेतिकडे. मूळ फाइलमध्ये ठोके मोजत बसलो. सुरुवातीचे साठ ठोके 59.1 सेकंदांत, शेवटचे साठ 57.6 मध्ये. म्हणजे एकच आकडा लावून भागणार नव्हतं. दर मिनिटाला खुणा करून वेगाची उतरती रेघ काढावी लागली. रात्री दोन वाजता ती लावली आणि पहिली ओळ ऐकली. जाड, थोडा घोगरा, चाळिशीतला माणूस. हार्मोनियम शेवटपर्यंत काळी दोनला.

रविवारी आईंना घेऊन ताई आल्या. मी "जय भीम" म्हटलं, त्यांनी मान हलवली आणि चप्पल बाहेर काढून, पाय वर घेऊन खुर्चीत बसल्या. हेडफोन नको म्हणाल्या. स्पीकरवर लावलं. दोन गाणी झाली, तरी चेहऱ्यावर काही नाही. ताई माझ्याकडे बघायला लागल्या.

शेवटच्या गाण्याच्या मध्येच पॅसेजमधून बाईचा खणखणीत आवाज येतो: "पाणी आलं गं!" मागोमाग बादल्यांचा, हंड्यांचा गलका. रात्रभर बसलेली मैफल उधळते. पेटी थांबते आणि ते हसत म्हणतात, "जा, जा. नळाला वन्समोअर नसतो."

आई एकदम सरळ झाल्या. "ही मी."

मी परत लावलं.

"एवढी ओरडायचे मी?"

"अजूनही," ताई म्हणाल्या.

मग तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. पाचव्या वेळी त्यांनी स्वतःच हात वर करून थांबवायला सांगितलं आणि पदराने डोळे पुसले. टिकटिक आता सगळीकडे परत आली होती, शांततेत जास्तच मोठी. मी विचारलं, हवी तर हलकी करून देतो, आता वेग लावून झालाय, तिची गरज नाही.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "सहा हप्ते भरलेत त्या घड्याळाचे."