बर्लिनची मानद नागरिकांची यादी

आपल्याकडे मानद वगैरे म्हटलं की शाल, श्रीफळ, भाषणं, विषय संपला. बर्लिनवाले नाव काढतात पण! १९३३ ला हिटलर आणि तेव्हाचा जर्मन राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग दोघांना मानद नागरिकत्व दिलेलं, हिटलरचं १९४८ ला काढलं पण हिंडेनबुर्ग आजोबा थेट २०२० पर्यंत यादीत बसून, कमाल आहे ना. उलट बेर्झारिन, १९४५ मधला शहराचा पहिला सोव्हिएत कमांडंट, त्याला पूर्व बर्लिनने १९७५ ला मान दिला, जर्मनीच्या एकीकरणानंतर १९९२ ला गाळला, २००३ ला परत घेतला. मला मनापासून पटलेलं नाव म्हणजे मार्गोट फ्रीडलेंडर, छळछावणीतून वाचलेली बाई न्यूयॉर्क सोडून ८८व्या वर्षी परत बर्लिनला येते काय, शाळाशाळांत जाऊन पोरांशी बोलते काय... २०१८ ला दिलं तिला, तेव्हा ९६ वर्षांची होती, जरा लवकर द्यायला काय झालं होतं?