जाळरेषा पौषातच काढायची

सह्याद्रीच्या गावांत वणव्याची चर्चा शिमग्याच्या आसपास सुरू होते, म्हणजे समोरचा डोंगर काळा पडायला लागल्यावर. तोवर करण्यासारखं फार थोडं उरलेलं असतं. यंदा डोंगर किती पेटणार हे पावसाळा संपतानाच दिसायला लागतं. परतीचा पाऊस ऑक्टोबरभर रेंगाळला की गवत छातीपर्यंत येतं, आणि तेच पुढे मार्चमध्ये वाळून उभं राहतं. पाऊस सप्टेंबरातच तुटला तर गवत आखूड राहतं, पण लवकर वाळतं. पहिल्या प्रकारच्या वर्षी ज्वाळा उंच, दुसऱ्या प्रकारच्या वर्षी धोक्याचे दिवस जास्त. शेजारी कारवीचं रान असेल तर आणखी एक हिशेब धरावा लागतो. कारवी सात वर्षांनी फुलली की अख्खं रान एकदम मरतं आणि वाळक्या काठ्या दाटीने उभ्या राहतात. त्या उन्हाळ्यात त्या अंगाची जाळरेषा, म्हणजे आग अडवण्यासाठी गवत कापून-जाळून मोकळा केलेला पट्टा, दुप्पट रुंद हवी.

जाळरेषेचं काम पौषात, म्हणजे डिसेंबरअखेर ते जानेवारीत उरकायचं. तेव्हा गवताचे शेंडे पिवळे असतात, पण बुडात अजून ओल असते. विळा चालतो आणि आग लावली तरी ती सुसाट धावत नाही. आधी जाळरेषेच्या दोन्ही कडांना मीटर-मीटर रुंदीच्या पट्ट्या अगदी मातीपर्यंत साफ करायच्या. कापलेलं गवत बाहेर न टाकता मधल्या पट्ट्यात ओढायचं, दोन-तीन दिवस वाळू द्यायचं आणि मग मधला पट्टा जाळायचा. बाहेर टाकलेलं गवत हीच इथली नेहमीची चूक. रेषेच्या कडेलाच वाळक्या गवताची वरंबी तयार होते आणि आग तिथूनच उडी मारते. पट्टा एकदम सगळा पेटवायचा नाही. वीस-पंचवीस मीटरचा तुकडा घ्यायचा, तो विझला की पुढचा. दोन्ही कडांना माणसं हवीत, प्रत्येकाच्या हातात ओल्या पाल्याची फांदी.

रुंदी किती? बागेच्या किंवा घराच्या कडेला तीन मीटर ही कमीत कमी. खालचा उतार तुमच्याकडे चढून येत असेल तर सहा मीटर धरा, कारण आग चढावर पळते. उताराचा कोन दहा अंशांनी वाढला की तिचा वेग साधारण दुप्पट होतो, असा जगभर वापरला जाणारा ठोकताळा आहे. ज्वाळा वरच्या गवताला आधीच तापवून वाळवून ठेवते. आग डोंगरावर आणि तुम्ही खाली असाल तर धोका वेगळा: पेटती लाकडं आणि गोवऱ्या गडगडत खाली येतात. अशा ठिकाणी नुसती साफ रेषा पुरत नाही. तिच्यात फूटभर खोल चर खणायचा आणि माती खालच्या कडेला बांधासारखी रचायची, म्हणजे निखारा चरात अडकतो.

एवढं करूनही काम अर्धंच झालेलं असतं, आणि बहुतेक जाळरेषा इथेच फसतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये साग, ऐन, किंजळ पानं टाकतात. पौषात स्वच्छ केलेल्या पट्ट्यावर महिनाभरात सागाच्या पानांचा घोटाभर थर बसतो. सागाचं वाळकं पान आकाराने मोठं आणि हलकं. त्याखाली हवा खेळती राहते, त्यामुळे ते कागदासारखं पेटतं. आग या पानांवरून चालत रेषा ओलांडते आणि मग लोक म्हणतात, जाळरेषेचा काही उपयोग नाही. उपयोग असतो, पण ती झाडावी लागते: एकदा फेब्रुवारीच्या मध्याला, एकदा मार्चअखेरीस. खराट्याने दोन माणसं दिवसभरात बराच मोठा पट्टा झाडतात, आणि माझ्या मते हे काम पहिल्या कापणीपेक्षाही महत्त्वाचं आहे.

आता राबाचं. मावळात आणि कोकणात भाताच्या रोपासाठी राब भाजतात, म्हणजे रोप टाकायच्या जागेवर शेण-पाला रचून जाळतात, आणि अनेक वणव्यांची सुरुवात तिथेच होते. शेण, टहाळ, पालापाचोळा, गवत आणि वरून माती असे थर असतात. वरची माती विरळ पसरली तर राब धुमसण्याऐवजी भडकतो आणि पेटती पानं वाऱ्यावर जातात, म्हणून गवत दिसेनासं होईल इतकी माती हवी. राबाभोवती तीन मीटर जमीन साफ करा. वारा ज्या दिशेला जातो त्या टोकाला पेटवा, म्हणजे आग वाऱ्याच्या विरुद्ध हळूहळू सरकते. उतार असेल तर वरच्या कडेकडून. वेळ संध्याकाळची, वारा पडल्यावर, कारण पुढे रात्रभर हवेतला दमटपणा वाढत जातो. सकाळी लावलेला राब अकराच्या सुमारास, नेमका वारा सुटताना, अजून धुमसत असतो. दुसऱ्या दिवशी राखेवर हाताची मागची बाजू धरून फिरायचं. जिथे ऊब लागेल तिथे काठीने उकरायचं, पाणी ओतायचं, पुन्हा उकरायचं. शेणाची आग वरून राखाडी आणि आतून लाल अशी दोन-तीन दिवसही राहू शकते. ज्यांना जमेल त्यांनी राब सोडून गादीवाफ्यावर रोप करावं. मीटरभर रुंद वाफा, चांगलं कुजलेलं शेणखत, आणि काडेपेटीची गरजच नाही.

वळवाचा पाऊस पडला की लोक निर्धास्त होतात. हा समज घातक आहे. जळणाची जाडी जितकी कमी तितकं ते लवकर भिजतं आणि लवकर वाळतं. आगीचा अभ्यास करणारे त्याचे वर्ग पाडतात: सहा मिलिमीटरपेक्षा बारीक गवत-काडी तासाभराच्या हिशेबात, अडीच सेंटिमीटरपर्यंतची काटकी दहा तासांच्या, साडेसात सेंटिमीटरपर्यंतची फांदी शंभर तासांच्या, त्याहून जाड ओंडका हजार तासांच्या. म्हणजे संध्याकाळी सर येऊन गेली तरी दुसऱ्या दिवशी दुपारच्या उन्हात गवत पुन्हा पेटायला तयार. उलट, आधीच पेटलेला जाड ओंडका वरून भिजतो आणि आत जळत राहतो. चुलीच्या सरपणालाही हाच नियम लागू पडतो. ओंडका फाडून ठेवला तर उन्हाळ्यात वाळतो. अख्खा ठेवला तर पावसाळ्यात चुलीत नुसता धूर करतो.

नियम थोडे आहेत, पण नीट माहीत असावेत. भारतीय वन अधिनियम, 1927 च्या कलम 26 खाली राखीव वनात आग लावणं हा गुन्हा आहेच, शिवाय वनाला धोका होईल अशी आग जळती सोडून जाणंही गुन्हा आहे. आग मुद्दाम किंवा घोर निष्काळजीपणाने लागली असेल तर सरकार त्या वनातले चराईचे आणि वनोपजाचे हक्क काही काळ थांबवू शकतं. एकाने काडी लावायची आणि चारा अख्ख्या गावाचा बंद व्हायचा. कलम 79 प्रमाणे वनात हक्क असलेल्यांनी आगीची खबर देणं आणि विझवायला मदत करणं बंधनकारक आहे. अभयारण्यात वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 चं कलम 30 लागतं. घरचा कचरा उघड्यावर जाळण्यावर राष्ट्रीय हरित लवादाने 22 डिसेंबर 2016 ला देशभर बंदी घातली. दंड 5,000 रुपये, मोठ्या प्रमाणावर जाळल्यास 25,000. जंगलाच्या कडेला राब किंवा बांध जाळायचा असेल तर आदल्या दिवशी आपल्या भागाच्या (बीटच्या) वनरक्षकाला कळवा. आग दिसली तर वन विभागाचा 1926 हा क्रमांक आहे.

उपग्रह बघतोय म्हणून फोन टाळू नका. देहरादूनचं भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहावरून आगीचे इशारे पाठवतं, आणि ते मोबाइलवर मिळवण्यासाठी सामान्य माणसालाही नोंदणी करता येते. पण सुओमी एनपीपी हा उपग्रह साधारण दुपारी दीड आणि रात्री दीडच्या सुमारास डोक्यावरून जातो, आणि त्याच्या चित्रातला एक ठिपका 375 मीटरचा असतो. दुपारी चारला लागून रात्री दहाला विझलेली आग त्याला दिसतच नाही.

आग विझवायला एकट्याने जायचं नाही. सुती, पूर्ण बाह्यांचे कपडे, पायात चामड्याचे बूट; नायलॉन अंगाला वितळून चिकटतं. आगीच्या तोंडाशी उभं न राहता मागून सुरुवात करून दोन्ही कुशींनी पुढे सरकायचं, पाय शक्यतो जळलेल्या काळ्या जमिनीवर, कारण तिथे पुन्हा पेटायला काही नसतं. फांदी उंच उगारून झोडपली तर ठिणग्या आजूबाजूला उडतात. ती ज्वाळेच्या बुडाशी दाबून जळलेल्या बाजूकडे ओढायची. नाळेत किंवा घळीत आग शिरली तर वर कुणीही थांबायचं नाही, ती घळ धुराड्यासारखी खेचते. आगीवर समोरून आग सोडण्याचा प्रयोग वन विभागाच्या अनुभवी माणसांशिवाय करू नये.

घराबाबत थोडक्यात: पन्हळीतली आणि कौलांच्या खाचांतली पानं काढा, पेंढ्याची गंज आणि सरपणाची रास उन्हाळाभर भिंतीपासून लांब न्या.

बागेतून आग गेलीच तर झाडं लगेच तोडू नका. सालीखालचा जिवंत थर साधारण 60 अंश सेल्सिअसला मरतो, आणि कलमाची साल पातळ असल्यामुळे ती आधी जातात. दोन-तीन आठवडे थांबा, मग बुंध्याभोवती चार ठिकाणी चाकूने साल जराशी खरवडा. आत हिरवट-पांढरं आणि ओलसर असेल तर थर जिवंत, तपकिरी असेल तर मेलेला. वरच्या उताराकडची बाजू बहुतेकदा जास्त भाजलेली असते, त्यामुळे एकाच बाजूने बघून निकाल देऊ नका. अर्ध्याहून जास्त घेर जिवंत असेल तर झाड ठेवा, मेलेली साल काढून मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावा. फुटवा कलमाच्या जोडाखालून आला असेल तर तो रायवळाचा, म्हणजे खालच्या बिनकलमी आंब्याचा आहे. तो वाढवून त्यावर पुन्हा कलम बांधावं लागेल.

आणि जळलेल्या उतारावर मृगाच्या आधी एक काम राहतं. अर्धवट जळालेल्या फांद्या आणि दगड उताराला आडवे, समपातळीत, दहा-दहा पावलांवर रचून ठेवा, फांद्या जमिनीला चिकटून. पहिल्या मोठ्या पावसात उघडी माती आणि राख धुऊन ओढ्यात जाते, आणि ‘जाळलं की गवत चांगलं येतं’ या समजुतीतली राखही तिच्याबरोबरच जाते. रांगांमागे जी माती साठते तिच्यातच पहिलं गवत धरतं. त्या वर्षी तिथे गुरं सोडायची नाहीत.