तुम्ही विचारलंत म्हणून : तिकिटं मीच का काढते

प्रदर्शनात, लग्नात, शेजारच्या हळदीकुंकवात कुणीतरी विचारतंच, "फोटोसाठी एवढं फिरता, मग बुकिंग स्वतः कशाला करत बसता? एजंटाला द्या की." आजवर "सवय झालीय" म्हणून मी विषय बदलत आले. ज्यांना २०१९चा प्रकार माहीत आहे, ते हाच प्रश्न जरा वेगळ्या सुरात विचारतात. त्यांनाही आज उत्तर देऊन टाकते.

एकदा ग्रुपबरोबर हंपीला गेले होते. नाश्ता आठला, बस नऊला. मातंग टेकडीवरचा सूर्योदय हवा असेल तर अंधारात टेकडी चढावी लागते. नऊला तिथले दगड उन्हानं पांढरे पडलेले असतात. संयोजकांचं काही चुकलं नव्हतं. त्यांना चाळीस माणसांना देवळं दाखवायची होती, मला दगडांवरचा उजेड हवा होता. त्यानंतर मी कुणाच्या वेळापत्रकावर गेले नाही.

काशीचंच घ्या. तिथे गंगा उत्तरेकडे वाहते आणि घाट पश्चिम काठावर, पूर्वेकडे तोंड करून आहेत. कार्तिकी पौर्णिमेला, देवदिवाळीच्या संध्याकाळी, सूर्य घाटांच्या मागे उतरतो आणि समोरच्या रेतीवरून पूर्ण चंद्र वर येतो. पणत्या लागल्या आहेत आणि आकाश अजून निळं आहे, अशी जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं मिळतात. त्या वेळी तुम्ही नावेत असायला हवं. आरती आटोपून नावेत बसलात तर काळं आकाश आणि पिवळे ठिपके एवढंच हाती लागतं. एजंटाला हे सांगितलं की तो म्हणतो, "बोट पॅकेजमध्ये आहे, मॅडम." किती वाजता आहे, ते त्याला सांगता येत नाही.

म्हणून २०१९च्या देवदिवाळीचं सगळं मीच ठरवलं. पौर्णिमा १२ नोव्हेंबरला, मंगळवारी. आईला काशी बघायची होती. मला फोटो हवे होते, आणि खरं सांगायचं तर आईनं मला काम करताना बघावं असंही वाटत होतं. नाववाल्याशी जुलैतच बोलले. तेव्हा रेल्वेचं आरक्षण १२० दिवस आधी उघडायचं, त्यामुळे सकाळी आठच्या ठोक्याला बसून दोन तिकिटं काढली. आईला खालचा बर्थ मिळाला. मी ते सगळ्यांना सांगत सुटले.

गाडी नाशिकरोडहून रात्री १२ वाजून २० मिनिटांनी होती. रविवारी रात्री आम्ही अकरालाच फलाटावर पोचलो. आईनं दशम्या आणि लसणाची चटणी घेतली होती, गंगाजलासाठी तांब्या घेतला होता. गाडी आली. आमच्या बर्थवर एक कुटुंब झोपलेलं होतं. मी तावातावानं त्यांना उठवलं. टीसीनं माझ्या मोबाइलवरचं तिकीट पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाला, "ताई, दहा तारीख आहे यावर. ही गाडी काल रात्री गेली."

दहा तारीख म्हणजे रविवार. पण रविवारचे १२.२० शनिवारच्या रात्रीच वाजून जातात. हे मला माहीत नव्हतं असं नाही. दुसऱ्यांना मी हे कितीदा तरी समजावलेलं आहे.

गाडी सुटली. मी बाकावर बसून मोबाइलमध्ये शोधत राहिले. सोमवारी सकाळी तत्काळ उघडणार ते मंगळवारच्या गाडीचं, म्हणजे पोचायला बुधवार. विमान मुंबईहून, आणि दोघींचं ऐनवेळचं भाडं माझ्या आवाक्याबाहेरचं. जनरलच्या डब्यातून आईला नेणं शक्यच नव्हतं. आई पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "चल, घरी जाऊ. तुझी झोप झालेली नाही." दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही त्या दशम्या स्वयंपाकघरात बसून खाल्ल्या.

पुढच्या वर्षी कोविड आला. त्यानंतर आईचे गुडघे गेले, आणि काशी म्हणजे तर पायऱ्याच. ती मला एका शब्दानं बोलली नाही.

तेव्हा, एजंटानं ही चूक केली असती का? बहुतेक नसती केली. तो रोज अशी वीस तिकिटं काढतो. "एजंट म्हणजे आळशी लोकांची सोय" असं मी पूर्वी म्हणायचे, ते आज मला ऐकवत नाही. चूक तारखेची होतीच. पण काढलेलं तिकीट चार महिन्यांत मी एकाही माणसाला दाखवलं नाही, ही त्याहून मोठी होती. माझं सगळं मला कळतं, असं मला वाटत होतं.

तरी २०२२ला मी एकटी गेले, तेही स्वतःच तिकीट काढून. त्या वर्षी ८ नोव्हेंबरला, पौर्णिमेलाच, चंद्रग्रहण होतं, म्हणून काशीत देवदिवाळी ७ तारखेला झाली. नाववाल्याला मी स्वतः फोन केला होता, म्हणून मला ते वेळेत कळलं. ती वीस मिनिटं मिळाली. फोटो चांगले आले. आईनं ते सगळे पाहिले आणि एकावर बोट ठेवून विचारलं, "इथून पाण्यापर्यंत किती पायऱ्या?" मला सांगता आलं नाही. मी मोजल्या नव्हत्या.

आता आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. मध्यरात्रीनंतरची गाडी असली की तारखेशेजारी मी 'शनिवारची रात्र' असं शब्दांत लिहिते आणि तिकीट भावाला वाचायला देते. एका एजंटाचा नंबरही घेऊन ठेवलाय, पण अजून फोन केलेला नाही. त्याआधी नाववाल्याला केला. कोणत्या घाटावर नाव अगदी कमी पायऱ्यांवर लागते, ते त्याला विचारलंय. बघून सांगतो म्हणाला. आईला अजून काही बोललेले नाही.