शिंग ओठांशी गेले, पण वाजले नाही

जुळे सोलापूरमधल्या माझ्या खेळघरात आठवडाभर मुले बुद्धिबळ आणि कॅरम खेळायला येतात. रविवारची संध्याकाळ मात्र ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’साठी राखून ठेवलेली असते. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तयार केलेला हा खेळ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्यात प्रत्येक खेळाडू एकेका पात्राची भूमिका घेतो, आणि डंजन मास्टर, म्हणजे येथे मी, बाकीचे जग, त्यातले शत्रू आणि नियमांचा निवाडा सांभाळतो. गेल्या उन्हाळ्यातल्या एका रविवारी माझ्या टेबलावरच्या चौघांनी शत्रूला बेसावध गाठण्यासाठी मंत्रांची जी निवड केली, तितकी विचारपूर्वक केलेली निवड या कामात मला क्वचितच पाहायला मिळाली आहे.

नकाशा मी आपल्या भुईकोट किल्ल्यावरून बेतला होता: दुहेरी तटबंदी, बाहेर खंदक, एका अंगाला तलाव. बाहेरच्या तटाला एक खिंडार पडलेले होते, आणि त्याच्या आत, दोन तटांमधल्या मोकळ्या जागेत, आठ गॉब्लिनांनी, म्हणजे बुटक्या दुष्ट प्राण्यांनी, तीन विणकरांना डांबून ठेवले होते. रात्रीची वेळ असल्याने सात गॉब्लिन झोपलेले होते. आठवा शिंग घेऊन पहाऱ्यावर बसला होता, आणि त्याच्याजवळ दोन वॉर्ग, म्हणजे लांडग्यासारखी पण आकाराने मोठी आणि दुष्ट बुद्धीची जनावरे, जागी होती. शिंग वाजले की आतल्या तटामागची हॉबगॉब्लिनांची, म्हणजे गॉब्लिनांच्या धिप्पाड भाईबंदांची, तुकडी धावून येणार, हे चौघांनाही ठाऊक होते.

जादूगार खेळणाऱ्या बँकेतल्या तरुणाने सुरुवातीलाच ‘फायरबॉल’चे नाव घेतले. १५० फुटांवरून टाकता येणारा आणि २० फूट त्रिज्येत सगळे भाजून काढणारा हा मंत्र नव्या खेळाडूंना फार आवडतो. त्यावर औषधांच्या दुकानात काम करणाऱ्या ताईंनी, ज्या चोराचे पात्र खेळतात, एवढेच विचारले, “आणि ते विणकर?” तो गप्प झाला. मग ताई माझ्याकडे वळल्या आणि त्यांनी शत्रूविषयी एकामागून एक प्रश्न विचारले. वारा कुठून आहे? वॉर्ग वासावर चालतात की आवाजावर? पहारेकरी कोणाशी बोलतो आहे का? आपल्याकडे कोणता मंत्र आहे याऐवजी समोरच्याला काय ऐकू येते, काय दिसते, कशाचा वास येतो, येथून विचार सुरू केला की निम्मे काम होते, असे माझे ठाम मत आहे.

आम्ही २०१४ चे नियम वापरतो. त्यांनुसार लपून येणाऱ्याचा स्टेल्थचा, म्हणजे चाहूल न लागू देण्याचा, वीस बाजूंच्या फाशावरून ठरणारा आकडा समोरच्याच्या पॅसिव्ह पर्सेप्शनशी, म्हणजे चाहूल घेण्याच्या त्याच्या ठरावीक आकड्याशी, ताडून पाहतात, आणि ज्याला कोणताच धोका जाणवला नाही त्याची लढाईतली पहिली पाळी वाया जाते. (२०२४ च्या सुधारित नियमांत पाळी जात नाही, इनिशिएटिव्हसाठी, म्हणजे पाळ्यांचा क्रम ठरवण्यासाठी, दोन फासे टाकून कमी आकडा घ्यावा लागतो.) म्हणजेच चौघांपैकी एकाचा जरी खडखडाट ऐकू गेला, तरी सगळा बेत फसतो. येथे तो एक म्हणजे अण्णा होते. चादरीच्या कारखान्यात हिशेब पाहणारे हे गृहस्थ साखळी चिलखत घातलेल्या क्लेरिकची, म्हणजे दैवी मंत्र टाकणाऱ्या पुजाऱ्याची, भूमिका करतात, आणि त्या चिलखतामुळे त्यांना स्टेल्थसाठी दोन फासे टाकून कमी आकडा घ्यावा लागतो.

ड्रुइड, म्हणजे निसर्गाचे मंत्र जाणणारे पात्र, खेळणाऱ्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थिनीने ‘पास विदाउट ट्रेस’ सुचवला. या मंत्राने ३० फुटांतल्या साथीदारांच्या स्टेल्थमध्ये १० मिळवले जातात. गॉब्लिनचे पॅसिव्ह पर्सेप्शन ९ असते, त्यामुळे अण्णांच्या फाशावर १ पडला तरी पहारेकऱ्याला पत्ता लागणार नव्हता. वॉर्गचे मात्र १४, आणि ऐकण्याच्या व वासाच्या तीक्ष्णतेमुळे त्यात आणखी ५ मिळून १९. तिने वहीत गणित मांडून दाखवले: दोन्ही फाशांवर ९ किंवा अधिक पडण्याची शक्यता ३६ टक्के. एवढ्यावर तिघा विणकरांचा जीव टांगणीला लावायला ती तयार नव्हती.

तेव्हा अण्णा म्हणाले, “सायलेन्स माझ्याकडे आहे, पण तो आपल्यावर कशाला? त्यांच्यावर टाकू.” हा मंत्र १२० फुटांपर्यंतच्या एका जागी २० फूट त्रिज्येचा निःशब्द गोल तयार करतो, तो जागचा हलत नाही, आणि त्याच्या आत असलेल्याला काहीही ऐकू येत नाही. स्वतःभोवती घेतला तर दहा पावलांत त्यातून बाहेर पडावे लागते, पण पहाऱ्याच्या जागेवर टाकला तर वॉर्ग बहिरे होतात, झोपलेले झोपून राहतात आणि शिंग मुके होते. वासाचा प्रश्न वाऱ्याने सोडवला: तो तलावाकडून वाहत होता आणि हे चौघे विरुद्ध बाजूने येणार होते. वॉर्गचे ते ५ मी काढून टाकले, आणि अण्णांची शक्यता ७२ टक्क्यांवर गेली.

एक अडचण उरली होती. ‘सायलेन्स’ मोठ्याने उच्चारावा लागतो, आणि तो उच्चार वॉर्गांनी ऐकला असता. ताईंनी ‘मायनर इल्यूजन’ काढला आणि खंदकातून बेडकांचे डरांव डरांव सुरू केले. या छोट्या मंत्राला तोंडाने काही म्हणावे लागत नाही, त्यामुळे तो टाकणाऱ्याचा माग लागत नाही. बेडकांच्या आवाजाखाली अण्णांचा मंत्र झाकला जाईल, असा निवाडा मी दिला. अचानक पसरलेली शांतता पहारेकऱ्याला जाणवेलच, म्हणून मी त्यांना अर्ध्या मिनिटाची मुदत दिली. एका पाळीला सहा सेकंद आणि ३० फूट, या हिशेबाने १२० फूट त्यात बसत होते.

काही मंत्र चालू ठेवायला टाकणाऱ्याचे सलग लक्ष, म्हणजे कॉन्सन्ट्रेशन, लागते, आणि ते एका वेळी एकाच मंत्रावर ठेवता येते. ड्रुइडचे ‘पास विदाउट ट्रेस’मध्ये गुंतले होते, अण्णांचे ‘सायलेन्स’मध्ये, मोकळा होता तो जादूगार. निःशब्द गोलाच्या आत उच्चाराचे मंत्र चालत नाहीत, म्हणून त्याने आपली यादी पुन्हा वाचली आणि ‘हिप्नॉटिक पॅटर्न’वर बोट ठेवले. या मंत्राला हातवारे आणि साहित्य लागते, शब्द लागत नाहीत. विणकरांनी तो पाहिला तरी ते केवळ स्तब्ध होणार होते.

अण्णांचे फासे पडले: ११ आणि ६. कमी आकडा घेऊन १६ झाले, आणि टेबलावर एकच आरडाओरडा झाला. रंगीत नक्षीने एक वॉर्ग जागीच खिळला, दुसरा आणि पहारेकरी वाचले, पण त्यांची पहिली पाळी वाया गेलीच. दुसऱ्या पाळीला पहारेकऱ्याने काय केले ते मी बोलून सांगितले नाही. मूठ ओठांशी नेली, गाल फुगवून जोराने फुंकर घातली, आणि पुन्हा एकदा घातली. बँकेतला तरुण खुर्चीवरून उठून उभा राहिला. पहारेकरी तिसरी फुंकर घालण्याआधी ताईंचा खंजीर लागला. दुसऱ्या वॉर्गने अण्णांना दोन ठिकाणी चावे घेतले, तरी त्यांचे कॉन्सन्ट्रेशन टिकले. विणकर सुटले तेव्हा सातही गॉब्लिन झोपेतच होते.

निघण्यापूर्वी त्या तरुणाने आपल्या मंत्रांपैकी उच्चाराशिवाय चालणाऱ्यांपुढे खुणा केल्या. विद्यार्थिनीच्या डोक्यात आतला तट होता: हॉबगॉब्लिनांच्या वाटेवर न दिसणारे काटे पेरणारा ‘स्पाइक ग्रोथ’ टाकावा, की ‘पास विदाउट ट्रेस’ चालू ठेवावा? दोन्हींना कॉन्सन्ट्रेशन तिचेच लागते. आठवडाभर विचार करून या, असे सांगून मी त्यांना निरोप दिला, पण जिन्यावरून उतरतानाही चौघे त्याच विषयावर हुज्जत घालत होते.